गाऱ्हाण्यात नसलेलं नाव

महिपत मला पहिल्यांदा भेटला, त्या दिवशी मला एका कोंबड्याचा हेवा वाटला.

खरंच सांगते. एकोणीसशे एकोणतीस साल. दसरा नुकताच होऊन गेला होता. जयगडच्या मावशीकडे राहून मी आगबोटीनं घरी येत होते. तेव्हा आगबोट रत्नागिरीला बाहेरच, खोल पाण्यात उभी राहायची. माणसं शिडीवरून खाली पडावात, म्हणजे मोठ्या होडीत उतरायची आणि खलाशी ती वल्हवत मांडवीच्या धक्क्याला आणायचे. त्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर माझा पाय घसरला... आणि कुणीतरी मनगट धरलं. घट्ट, पण दुखेल असं नाही.

"सावकाश गो. दर्या कुठं पळून जात नाय."

मी वर पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, डोक्याला तांबडं फडकं, आणि डोळे असे की— जाऊ दे. मी हात सोडवून घेतला आणि एका म्हातारीच्या गाठोड्याला टेकून बसले. मनगट मात्र धक्का येईपर्यंत गरमच होतं.

पडाव धक्क्याला लागला. कुणी उठायच्या आत तो मुलगा पडावाच्या टोकाला, नाळेवर उभा राहिला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"हे बा भैरी देवा महाराजा!"

"होय महाराजा!" बाकीचे खलाशी सवयीनं ओरडले.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते देवाकडे काही मागायला. पीक येऊ दे, पोर होऊ दे, दुखणं जाऊ दे. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणत दुजोरा द्यायचा. पण हा काही मागतच नव्हता!

"आज वारा पाठीकडनं आला, वल्ही हलकी झाली..."

"होय महाराजा!"

"ह्या आजीचं गाठोडं सुकं राहिलं, तिचे पोहे भिजले नाय..."

"होय महाराजा!"

"तान्हं रडायचं थांबलं, त्याच्या आवशीला घडीभर डोळा लागला. टोपलीतला कोंबडा आरवला, सगळ्यांना हसू आलं. तुझे उपकार रे महाराजा!"

"होय महाराजा!"

संपलं. मी वाट बघत राहिले... पण संपलंच. आजी झाली, तान्हं झालं, टोपलीतला तो तुरा पडलेला कोंबडासुद्धा झाला. आणि मी? जिचं मनगट धरलं होतं ती? मावशीनं दिलेलं नवं हिरवं लुगडं नेसलेली?

मी उतरताना त्या कोंबड्याकडे असं पाहिलं की त्यानं मान आत घेतली.

*

घरी आल्यावर कळलं, तो धाकूमामांचा भाचा. आरे गावचा. पडाव धाकूमामांचा होता, आणि आमच्या वाडीतला गाऱ्हाण्याचा मानही त्यांचाच. खलाशी महिपतला 'गाऱ्हाण्या' म्हणून चिडवायचे, आणि तो चिडायचा नाही.

माझी आई, धोंडूबाई, धक्क्याजवळ उंडीच्या झाडाखाली खोपटात पेज विकायची. पडावाची माणसं तिथंच जेवायची. बाबा मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. पहाटे दर्यात जायचे, दुपारी परतायचे. आईच्या हाताखाली मी. म्हणजे महिपत रोज माझ्यासमोर बसणार होता. मला काही आनंद झाला नव्हता... इतकंच की दुसऱ्या दिवशी मी केस दोनदा विंचरले.

तो आला, पेजेचा वाडगा पुढ्यात घेतला, आणि खाऊन झाल्यावर हळूच पुटपुटला. इथं 'होय' म्हणायला कुणी नव्हतं, तरी त्याचं आपलं चालूच.

"धोंडूमावशीची पेज गरम मिळाली. लोणच्यात आंब्याची फोड मोठी आली. उंडीची सावली पाठीवर पडली. मांजर पायाशी येऊन बसलं. तुझे उपकार."

मांजर! ते चोरटं, एका कानाचं मांजर!

"पेज वाढली कोणी?" मी भांडी आपटत विचारलं.

"तू."

"मग?"

"मग काय?"

"काय नाय. खा."

तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला बारीक खळी पडायची. ती मला आधी दिसली नव्हती. दिसली नसती तर बरं झालं असतं.

मग मी त्याला पारखायचं ठरवलं. एक दिवस मुद्दाम पेजेत मीठ घातलं नाही. बघू, मागतो का! मागायला तरी माझं नाव घ्यावं लागेल. तो पहिला घोट घेऊन थांबला. माझ्याकडे पाहिलं. दुसरा घोट घेतला.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"छान हाय."

"मीठ हवं?"

"दिलंस तर घेईन."

"मागितलंस तर देईन."

"मग असूं दे." आणि त्यानं सबंध वाडगा अळणी संपवला, वर पुटपुटला, "आज लोणच्याची खरी चव कळली. तुझे उपकार."

मला इतका राग आला! आणि त्या रागात इतकं हसूही आलं की मला चुलीकडे तोंड फिरवावं लागलं.

"काय गो, धूर लागला?" तो म्हणाला.

"हो. लई धूर करतोस तू."

*

पण मांजर, लोणचं, सावली हे सगळं परवडलं. हौसा परवडली नाही.

हौसा धक्क्यावर शहाळी विकायची. माझ्याच वयाची, पण चालायची अशी की धक्का तिच्या बापानं बांधलाय. कोयतीचे तीन घाव, की शहाळं उघडं. आगबोटीतून उतरलेले मुंबईकर शहाळं संपलं तरी तिथंच उभे राहायचे. ती हसली की पलीकडच्या होडीतली माणसं माना वळवायची.

एका दुपारी मला खोपटातून महिपतचा आवाज ऐकू आला.

"...हौसाच्या शहाळ्यात मलई निघाली, आणि हौसा हसली तशी सगळ्यांची दमणूक उतरली. तुझे उपकार रे महाराजा!"

"होय महाराजा!" खलाशी जरा जास्तच जोरात ओरडले.

माझ्या हातातला वाडगा तसाच राहिला. नावानिशी! हसण्यासकट! कोंबड्याला नाव नव्हतं, मांजराला नव्हतं. मी स्वतःला समजावलं होतं, की हा तरण्या पोरींची नावं घेत नसेल, लाजत असेल. कुठचा लाजतोय!

थोड्या वेळानं हौसा स्वतःच खोपटात पाणी प्यायला आली.

"काय गो गुणा, डोळे का बारीक केलेस?"

"ऊन हाय."

"सावलीत?" ती खुदकन हसली. "तो महिपत बघ काय म्हणाला माझ्याबद्दल. अशी माणसं मिळत नाय गो. आमच्याकडचे पुरुष जेवून उठतात नि भाकरी जाड झाली म्हणतात. ह्याचं लगीन जिच्याशी होईल ती बाय रोज चार वेळा सुखावंल."

"तूच कर मग."

"बघते ना!" म्हणून ती निघून गेली. थट्टेत म्हणाली की खरं, ते तिच्या पाठमोऱ्या अंबाड्यावरून काही कळेना. अंबाड्यात अबोलीचा गजरा मात्र होता. मी त्या दिवशी परसातली सगळी अबोली खुडून आणली आणि माळली. आई म्हणाली, "डोईवर काय बाग लावलीस?"

महिपत जेवून गेला. उपकार मानले ते चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचे.

*

कार्तिकात एकदा अचानक पावसाची सर आली. कुणाच्या ध्यानीमनी नसताना. आई घरी गेली होती. महिपत धावत खोपटात शिरला, केसांतून पाणी निथळत होतं. छपराखाली उभं राहायला जागा एवढीशी... एका कडेला तो, एका कडेला मी, आणि मध्ये छपरातून गळणारी एक धार. समोर दर्या पांढरा झाला होता. ओल्या वाळूचा, चुलीतल्या विझू आलेल्या शेणीचा, आणि त्याच्या भिजलेल्या सदऱ्याचा वास एकत्र येत होता.

तो त्या धारेखाली हात धरून उभा राहिला. ओंजळ भरली की सोडायचा. पुन्हा भरायची.

"ह्याचं पण गाऱ्हाणं घालशील?" मी विचारलं.

"घातलं मघाशीच. मनात."

"मनात काय काय होतं?"

"पाऊस. छप्पर. छपराचं भोक."

"भोक!"

"भोक नसतं तर ही धार कुठनं आली असती?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आणि धार नसती तर... मध्ये काय असतं गो?"

माझे कान तापले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले. आत्ता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, असं वाटलं.

"महिपत... तू सगळ्यांची नावं घेतोस. भोकाचं पण. माझंच का नाय घेत?"

त्यानं हात खाली घेतला. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं.

"जे मिळालं त्याचंच नाव घेतो मी."

"म्हणजे हौसा मिळाली तुला?"

"हौसाचं शहाळं मिळालं गो!"

"आणि हसणं?"

"ते सगळ्यांना मिळतंय."

"आणि मी? मी काय हाय मग?"

"तू..." त्यानं आता माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं असतं तर पुढचं सगळं रामायण झालंच नसतं. "तू अजून..."

आगबोटीचा भोंगा वाजला. लांब, कर्कश. बाहेरून धाकूमामा ओरडले, "महिपत! पडाव काय तुझा बापूस नेणार?" आणि तो पावसात धावत गेला.

तू अजून... काय? पोर आहेस? तू अजून मला कळली नाहीस? तू अजून हौसाएवढी नाहीस? मी ते वाक्य रात्रंदिवस पुरं करत राहिले, आणि दर वेळी ते माझ्याच विरुद्ध पुरं झालं.

*

पौषात वरवड्याच्या रघूचं स्थळ आलं. रघू मुंबईला गोदीत कामाला. चांगला मुलगा होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याचे वडील बोलणं करून गेले. शिमगा झाल्यावर शब्द देऊ, असं बाबा म्हणाले. मग मला विचारलं. तेव्हा मुलीला विचारणारे बाप थोडे होते, आमचे बाबा त्यांतले.

"बघ गुणा. घाई नाय. पण नकार द्यायला कारण हवं."

माझ्याकडे कारण होतं. पण त्याचं नाव घ्यायचं कसं? ज्यानं माझं नाव घेतलं नव्हतं, त्याचं मी घेऊ?

त्याच आठवड्यात दोराला घासून महिपतचा तळवा सोलला. मी हळद गरम करून घेऊन धक्क्यावर गेले, तर हौसा आधीच तिथं. तिनं आपल्या डोक्याचं फडकं फाडून त्याच्या हाताला बांधलं होतं, आणि गाठ मारायला खाली वाकली होती. तो काहीतरी म्हणाला. ती हसली.

हळदीची वाटी घेऊन मी तशीच परत फिरले. मागून त्याचा आवाज आलाच. "...हौसाच्या हातचं फडकं मिळालं, ठणका कमी झाला..."

घरी येऊन मी बाबांना म्हणाले, "रघूकडं होय सांगा."

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "कशाला जळून निर्णय घेतेस गो बाय?"

"मी कुठं जळते?"

"हळदीची वाटी करपली म्हणून वास येतोय तर!"

पण मी हट्टाला पेटले होते. महिपतच्या जेवणाच्या वेळी मी विहिरीवर जाऊ लागले. जीव रमावा म्हणून त्याचीच युक्ती करून बघितली. म्हटलं, आपणही रोजच्या बारीकसारीक सुखांचे उपकार मानू, पण त्यात त्याला शिरकाव नाही! पहाटे सारवलेल्या जमिनीचा पायांना गारवा लागला, म्हटलं, तुझे उपकार देवा. बरं वाटलं. काजूला मोहोर आला होता, वाऱ्याबरोबर त्याचा गोडुस वास आला, म्हटलं, तुझे उपकार. राहाटाची कुरकुर थांबली की पाण्याचा आवाज कसा येतो, ते मी इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं. दुपारच्या कुळथाच्या पिठीत लसूण खरपूस लागला. नवं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं. सगळं होतंच की! माझ्या आजूबाजूला रोज सांडलेलं होतं, आणि मी एका नावापायी रुसून बसले होते.

पण एक घोटाळा झाला. जमिनीचा गारवा जाणवला की वाटायचं, हे त्याला सांगायला हवं. मोहोराचा वास आला की वाटायचं, आज तो गाऱ्हाण्यात हा घालणार. पिठी चाखली की वाटायचं, आज खोपटात त्यानंही हीच खाल्ली असेल. ज्या ज्या गोष्टीचे उपकार मानावेत, तिच्या मागून हा डोकावायचाच. आणि मग मनात यायचं, हीच पिठी खाऊन धक्क्यावर कुणाचं नाव घेतलं असेल? झालं! पुन्हा पोटात आग. त्याची सवय मला लागली, आणि त्याला मात्र हौसाची लागली, असं म्हणत मी घागर उचलायची.

*

शिमगा आला. भैरीची पालखी वाडीवाडीत फिरत आमच्या दारी आली. ऐन दुपार, ढोल घुमत होता, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पालखी खांद्यावरून उतरवून पाटावर ठेवली. पुढच्या दांड्याला महिपतच होता. गुलालानं माखलेला, घामानं भिजलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आणि गर्दीत, तुळशीजवळ, हौसा उभी. अंबाड्यात आज सुरंगीचा वळेसर. मला तो वास उंबऱ्यापर्यंत आला. वास कसला, टोमणाच तो!

आईनं ओटी भरली. धाकूमामांनी नारळ हातात घेतला.

"काय घालू रे भिवा गाऱ्हाण्यात?"

"लेकीची सोयरीक," बाबा म्हणाले.

"हे बा भैरी देवा महाराजा!"

"होय महाराजा!" सबंध अंगण दणाणलं.

"ह्या भिवा तांडेलाच्या घरावर तुझी नजर असूं दे!"

"होय महाराजा!"

"त्याची लेक गुणवंती, तिची सोयरीक मुंबईच्या रघूशी जुळते हाय, ती तुझ्या पायाशी पक्की होऊं दे!"

"होय महाराजा..."

आवाज आला, पण पातळ आला. जसं काही वल्ह्यांतलं एखादं वल्हं पाण्यात पडलंच नाही. वाडीत सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. माना हळूहळू वळल्या.

"महिपत," धाकूमामा म्हणाले, "घसा बसला काय रे?"

"नाय मामा."

"मग होय म्हण."

"नाय म्हणवत."

ढोलवाल्याचा हात आपोआप थांबला. बाबा पुढे झाले. "काय रे पोरा, मांजराचेसुद्धा उपकार मानणारा तू. आणि माझ्या लेकीच्या गाऱ्हाण्यात खोडा घालतोस?"

"खोडा नाय काका." महिपतनं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "दोन वर्सांमागं जयगडच्या खाडीच्या तोंडाशी आमची होडी उलटली. मी एका फळीला धरून होतो. तेव्हा भैरीला शब्द दिला, एकदा पायाला जमीन लागूं दे, परत तुझ्याकडं काय म्हणून मागणार नाय. लागली जमीन. तेव्हापासनं जे पदरात पडेल, घोटभर पेज पडली तरी, त्याचे उपकार मानतो. मागत नाय कधी. गुणाचं नाव... ते तोंडात आलं असतं तर मागणंच झालं असतं. म्हणून घेतलं नाय. आज पण घेत नाय. पण देवासमोर खोटं होय कसं म्हणू?"

धाकूमामांचा नारळ धरलेला हात खाली आला.

म्हणजे तू अजून... मिळाली नाहीस! एवढंच होतं ते वाक्य! मला रडू आलं, हसू आलं, आणि तेवढ्या वेळात मी सगळ्यांना माफ केलं. लोणच्याला, मांजराला, त्या तुरा पडलेल्या कोंबड्यालासुद्धा. हौसाला नाही. ते जरा पुढं बघू म्हटलं.

धाकूमामांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "आता काय करायचं? अर्धं गाऱ्हाणं टाकून पालखी उचलत नाय. पुरं तरी करा, नायतर फिरवा."

"मागणारणीला विचारा की," आई म्हणाली.

"बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं?"

"नवस बोलायला बाया चालतात, ओटी भरायला चालतात. हे तेवढं नाय चालत?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. बाबासुद्धा. मी उंबऱ्यावरून उतरून खाली आले.

"त्यानं शब्द दिलाय," मी म्हणाले. "मी कुठं दिलाय? मी... मी मागू शकते."

"मग सांग, मी घालतो." धाकूमामा वाकून म्हणाले. "सोयरीक कुठली म्हणू?"

"इथली. मांडवीतलीच."

"कोणाशी?"

"तो... मागं उभा हाय त्याच्याशी."

"मागं निम्मी वाडी उभी हाय गो! त्यातला बाळू ढोलवाला तीन पोरांचा बाप हाय. देवाला नाव लागतं!"

हशा पिकला. मी डोळे मिटले.

"महिपत," मी म्हणाले. मोठ्यानं. आता जे व्हायचं ते होऊ दे.

"हे बा भैरी देवा महाराजा!" धाकूमामांनी नारळ उंच धरला. "ही गुणवंती आमच्या महिपतला मागते हाय, तो तिच्या पदरात घाल!"

सगळे बाबांकडे बघत राहिले. आणि त्या शांततेत तुळशीजवळून खणखणीत आवाज आला,

"होय महाराजा!"

हौसा! दोन्ही हात वर करून ओरडत होती. "अरे म्हणा की! शिमगा हाय की मयत? गेले चार महिने ही पोर माझ्याकडं अशी बघतेय, की माझी शहाळी आंबायला लागली. सुटू दे एकदा मला!"

मग आई म्हणाली. मग ढोलवाला, खलाशी, बायका, पोरं. बाबा सगळ्यांत शेवटी, मिशीतल्या मिशीत. "होय महाराजा. पण रघूच्या बापाला मी काय सांगू?"

"शब्द कुठं दिला होता?" आई म्हणाली. "सांगा, देवानं पोरीचं ऐकलं."

"आणि तू रे?" धाकूमामांनी भाच्याकडे पाहिलं. "तुला मागितलंय. आता तरी?"

महिपतनं तोंड उघडलं. सबंध धक्का ऐकायचा तो आवाज, मध्येच चिरकला. "होय... महाराजा."

ढोल वाजला. पालखी उचलली.

*

पालखी पुढच्या अंगणात नाचायला गेली तरी महिपत आमच्या कुंपणाशी रेंगाळला होता. मी तांब्या घेऊन उगाच तुळशीला पाणी घालायला गेले. तुळस सकाळीच भिजली होती.

"आता घे की माझं नाव," मी म्हणाले.

"घेणार. पण सगळ्यांबरोबर नाय. पेज, सावली, वारा... त्या रांगेत तुला कुठं बसवू, तेच कळत नाय."

"पहिली बसव."

"आणि पेज?"

"महिपत!"

तो हसला. ती खळी. मग फडकं बोटांत पिळत, खाली बघत म्हणाला, "गुणा... देवाकडं मागायचं नाय असा शब्द हाय. तुझ्याकडं मागितलं तर चालंल?"

अळणी पेज गुपचूप पिणारा हा माणूस!

"माग."

"पाण्यापर्यंत येशील माझ्या संगं? चार पावलं. भरती लागलीय. वाळू पायाखालनं सरकताना कशी गुदगुल्या करते... एकट्यानं बघितलंय रोज."

"एवढंच?"

"एवढंच."

मी तांब्या तिथंच ठेवला. "येते. पण एक सांगून ठेवते. यापुढं तुला काय हवं ते माझ्याकडंच मागायचं. हौसाकडं नाय, आवशीकडं नाय, मामाकडं पण नाय."

"आणि त्यांनी आपणहून दिलं तर?"

"तर मला विचारून घ्यायचं."

आम्ही कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडलो. दुपारचं ऊन पाण्यावर लखलखत होतं. वाळूत पोचलो तेव्हा त्याच्या गुलालानं माखलेल्या बोटांनी माझं मनगट हळूच धरलं, आणि मागून कुठून तरी हौसाची हाक आली, "अगो, दोघं चालली कुठं दिवसाढवळ्या? लोक बघतायत!"

मी मागं वळले नाही.

बघू दे लोकांना. आणि तिनं तर नीट, डोळे भरून बघावं.